इंदूआत्याचं हिरवं कोर्ट

आमच्या घरात कोणाचं लग्न जमवायचं असलं की दोन गोष्टी आधी ठरवाव्या लागत. जेवण कुठे ठेवायचं, आणि इंदूआत्याला कुठे ठेवायचं. जेवणाचं पटकन ठरे.

माझ्या मुलीला बघायला पालघरहून मंडळी आली तेव्हा मात्र आम्ही दोन्ही गोष्टी आत्याच्याच वाडीत ठेवण्याची चूक केली. झाईच्या अलीकडे तिची चिकूची वाडी आहे, मोठी पडवी आहे, झोपाळा आहे. माझ्या वाणगावच्या दोन खोल्यांत मुलाकडच्यांना बसवलं असतं तर त्यांचे गुडघे आमच्या कपाटाला लागले असते. मंडळी आली, बसली, पाणी झालं. एवढ्यात आत्या पदर खोचत बाहेर आली आणि मुलाच्या वडिलांना म्हणाली, "चहा टाकलाय. उकळेपर्यंत तुम्ही जरा माझ्याबरोबर या. एक वास घ्यायचाय."

त्या गृहस्थांना वाटलं, चिकूच्या बहराचा वगैरे असेल. ते हौसेने गेले. परत आले तेव्हा त्यांच्या एका पायात बूट होता आणि दुसऱ्या पायात चिखल. आत्या मागून येत विचारत होती, "पण आला ना वास? आला की नाही? खरं सांगा." त्यांनी फक्त टॉवेल मागितला.

स्थळ गेलं. मी आत्यावर ओरडलो, बायको माझ्यावर ओरडली. आत्या शांतपणे कपबशा विसळत म्हणाली, "बाळ्या, ज्या माणसाला तो वास येत नाही, त्याच्या घरात आपली पोर द्यायचीच नाही."

मी पन्नाशीला टेकलेला, ढेरी सुटलेला माणूस, आणि ती मला शेवटपर्यंत बाळ्याच म्हणत राहिली. पुण्याला, कोर्टाच्या दारातसुद्धा.

इंदूआत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. तिचे यजमान गेल्यावर वाडी तिनेच सांभाळली. मुलगा मुंबईला, तो दिवाळीला यायचा आणि चिकूची पेटी घेऊन जायचा. तिला एकटेपणा वाटतो का, असं विचारायची कोणाची हिंमत नव्हती, आणि खरं म्हणजे गरजही नव्हती. कारण तिच्या वाडीतून दिवसभर माणसं जात असत. वाडीच्या खालच्या अंगाला ओहोळ आहे. तलासरीच्या बाजूने येतो आणि पुढे खाडीला मिळतो. त्या ओहोळाच्या वाळूत पलीकडच्या पाड्यावरच्या बायका झिरा खणायच्या. झिरा म्हणजे हातभर खोल खड्डा. आजूबाजूचं पाणी वाळूतून गाळून त्यात झिरपतं, गढूळ असतं ते निवळतं, मग वाटीने उपसून हंड्यात भरायचं. पिण्याचं पाणी पाड्याला तिथलंच. आणि झिऱ्याकडे जायची वाट आत्याच्या अंगणातून.

त्यामुळे कोणाची सून बाळंत झाली, कोणाचा बैल हरवला, सायवनला कोणाच्या नाचात तारपा वाजला, हे सगळं आत्याला उभ्या उभ्या कळायचं. बायका हंडा डोक्यावर घेऊन थांबायच्या आणि आत्या पडवीतूनच त्यांच्याशी भांडायची. लक्षी म्हणून एक होती, तिच्याच वयाची, तिच्याशी तर रोज. "काकी, तुझं चिकू गेल्या वर्षी बरं होतं," असं लक्षी म्हणायची आणि आत्या दिवसभर धुमसायची.

२०१४ साली, आमचा पालघर जिल्हा ठाण्यातून वेगळा निघाला त्या सुमारास, ओहोळाला वास यायला लागला. वरच्या अंगाला एक रंगाचा कारखाना सुरू झाला होता, लहानसाच. पाण्यावर फेस यायचा, दगडांवर तांबूस थर बसायचा. आधी पाड्यावरच्या पोरांना खरूज झाली. मग बायकांनी झिरा सोडला आणि हायवेकडच्या हातपंपावर जायला लागल्या. लांबचा फेरा, उन्हाचा, ट्रकच्या धुळीचा. आणि आत्याच्या अंगणातून कोणी जाईनासं झालं.

लोक पुढे तिला पर्यावरणवादी वगैरे म्हणायला लागले. एका पोराने तिची मुलाखत घेऊन मोबाइलवर टाकली. त्यात त्याने विचारलं, "आजी, निसर्गाबद्दल तुम्हाला एवढी तळमळ का?" आत्या म्हणाली, "निसर्गाचं मला काय माहीत? लक्षी माझ्या दारातनं जात नाही आता. मी भांडू कोणाशी? या बाळ्याशी? हा दोन मिनिटांत रडवेला होतो."

मी शेजारी उभा होतो. तेही त्या व्हिडिओत आहे.

सुरुवातीला ती सरळ कारखान्यावरच गेली. शेठ गुजरातेतला, गोड माणूस. "मासी, बेसो ने! अमारुं पाणी तो एकदम चोख्खुं छे," असं म्हणत त्याने तिला थंड पेय दिलं. आत्याने ग्लास बाजूला सारला. "चोख्खुं असेल तर हे राहू दे, तुझं ते पाणी दे. पिते मी." शेठ हसला, पण पाणी काही आलं नाही.

मग ग्रामपंचायत. मग तलासरी. मग डहाणू. मग पालघर, जिथे नवीन कचेरीत टेबलं आली होती, पण तिची फाइल अजून ठाण्याला होती. आणि ठाण्याला गेलो तर ती पालघरला गेली होती. प्रत्येक ठिकाणी माणसं चांगली वागली. बसा म्हणाली, अर्ज घेतला, आणि हे आमच्याकडे येत नाही म्हणाली. गाडी माझी, पेट्रोल माझं, दुकान बंद माझं. माझं वाणगावला खतं-बियाणं-औषधांचं दुकान आहे. आत्याच्या मते त्यामुळेच माझं नाक कामातून गेलं होतं. "तू दिवसभर विषाच्या डब्यात बसतोस. तुला कसला वास येणार!" ओहोळाकाठी मला खरंच फारसं काही कळायचं नाही. मी उगाच नाक मुरडायचो, तिच्या समाधानासाठी. ते तिच्या लगेच लक्षात यायचं.

शेवटी डहाणूच्या एका तरुण वकीलबाईने तिला सांगितलं की अशा प्रकरणांसाठी वेगळं कोर्टच आहे, हरित न्यायाधिकरण, आपल्यासाठी पुण्याला बसतं. पाणी, हवा, जंगल, एवढंच तिथे चालतं. खुनाचे, भाऊबंदकीचे खटले नाहीत.

"म्हणजे तिथे आणि नवीन काय?" मी म्हटलं. माझ्या डोळ्यांसमोर पुण्याचा रस्ता उभा राहिला होता.

"तिथे न्यायाधीशांच्या शेजारी एक तज्ज्ञ सदस्य असतात," वकीलबाई म्हणाली. "विज्ञान शिकलेले. निकालावर त्यांचीही सही असते."

"म्हणजे पाण्यातलं कळणारा माणूस वर खुर्चीवर बसतो?" आत्याने विचारलं.

"हो."

आत्या माझ्याकडे वळली. "बाळ्या, गाडीत हवा भरून ठेव."

त्या दिवसापासून आमच्या घरात त्याचं नाव हिरवं कोर्ट. आत्याने मनाशी त्याचं चित्रही रंगवलं असावं, कारण पहिल्या तारखेला आत शिरल्यावर तिचा चेहरा पडला. साधी खोली, टेबलं, काळे कोट, एसी. "हिरवं काय आहे यात?" ती माझ्या कानात म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू. तिने टोपलीत डागाळलेले चिकू आणले होते, पुरावा म्हणून. दारावरच्या शिपायाने ती टोपली बाहेर ठेवायला लावली. परत येऊन बघतो तर त्यातले बरे होते तेवढे कोणीतरी खाल्ले होते. आत्याला रागही आला नाही. उलट ती माझ्यावरच उखडली, "चांगले कशाला घातले होतेस?"

आमचं प्रकरण पुकारलं गेलं आणि समोरच्या वकिलाने उत्तर द्यायला वेळ मागितला. मिळाला. आम्ही बाहेर. एवढ्यासाठी आम्ही पहाटे निघालो होतो. असं कितीदा झालं ते मी मोजलं नाही. मोजलं असतं तर पुढच्या वेळी गेलो नसतो. कधी उत्तर आलेलं नसे, कधी आलेल्या उत्तराला उत्तर द्यायचं असे, कधी प्रदूषण नियंत्रण मंडळाचा अहवाल वाटेत असे. येताना घाटात आत्या गाडी थांबवायला लावायची, वडापाव खायची आणि म्हणायची, "पुढच्या वेळेला होईल." मला वडापाव गिळत नसे. तिला दोन लागत.

पण एक दिवस वेगळा गेला. तिथे सगळं इंग्रजीत चालतं. वकील बोलत होते, आत्या खाली बसून मान डोलवत होती, जणू तिला सगळं कळतंय. समोरच्या वकिलाने काहीतरी म्हटलं, त्यावर वकीलबाई पान उलटायला लागली, आणि ती जराशी थांबली तेवढ्यात आत्या उभी राहिली. मी तिचा पदर ओढला. तो माझ्या हातात राहिला आणि ती पुढे गेली.

"साहेब, कागद राहू दे. तुम्ही एकदा येऊन वास घ्या."

मी खाली बघत होतो. न्यायाधीशांच्या शेजारचे ते तज्ज्ञ साहेब चष्म्यावरून तिच्याकडे बघत पुढे वाकले आणि चक्क मराठीत बोलले. जरा अडखळत, बाहेरच्या माणसाचं मराठी.

"बाई, सकाळी ऊन पडायच्या आधी पाण्यात हात घातला, तर ते गार लागतं की कोमट?"

आत्याने आपल्या उजव्या हाताकडे बघितलं.

"कोमट," ती म्हणाली. "रोज नाही. ज्या दिवशी फेस जास्त, त्या दिवशी."

ते साहेब न्यायाधीशांशी हळू आवाजात काही बोलले, आणि त्या दिवशी आदेश झाला. संयुक्त समितीने जागेवर जाऊन पाहणी करावी, नमुने घ्यावेत, अहवाल द्यावा. रात्री कारखान्याचं पाणी सोडलं तरच पहाटे ओहोळ कोमट लागतो, असं वकीलबाईने बाहेर आल्यावर समजावलं.

घाटात त्या दिवशी तिने वडापाव खाल्लाच नाही. सगळ्या वाटेत एकच. "बघ, कसं विचारलं! गार की कोमट! इतकी वर्षं सगळ्यांनी मला विचारलं, सात-बारा आहे का, आधार आहे का, तुमचा संबंध काय. पाण्याबद्दल कोणी विचारलं होतं?" पुढे वर्षभर जो भेटेल त्याला ती हे सांगत असे. मला वाटतं, तिथेच सगळं संपलं असतं तरी तिला चाललं असतं. मला तर नक्कीच.

संपलं नाही. समिती आलीच नाही. मधल्या काळात ते साहेब निवृत्त झाले, बाकीचेही गेले, आणि त्यांच्या जागी कोणी नेमलं जाईना. २०१८ साली आम्ही तारीख आहे म्हणून गेलो, तर कोर्ट जागच्या जागी होतं, शिपाई होता, खुर्च्या होत्या. खुर्च्यांवर बसणारं कोणी नव्हतं. आत्याने त्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघून नमस्कार केला. "अगं, कोणाला करतेस?" मी वैतागून म्हणालो. "जागेला," ती म्हणाली. "तू नको करू. तू गाडी काढ." काही महिन्यांनी दिल्लीहून पडद्यावर सुनावण्या सुरू झाल्या आणि कोणीतरी तिकडून विचारलं, त्या समितीचं काय झालं?

तेव्हा कुठे समितीचं पत्र आलं. २०१९ उजाडलं होतं आणि आमच्याकडे भूकंपाचे धक्के बसत होते. डहाणू-तलासरीत लोक घराबाहेर ताडपत्र्या टाकून झोपत होते. मी आत्याला वाणगावला चल म्हणून सांगायला गेलो, तर ती पडवीत उभी राहून वर कौलांकडे बघत म्हणाली, "हे हलणं थांबेल ना रे? नाहीतर या निमित्ताने समिती यायची नाही."

समिती आली. आणि आता सांगतो ते आमच्याच माणसांच्या हातून होऊ शकतं.

आपल्याकडे साहेब येणार म्हटलं की काय करतात? वाट झाडतात, दोन्ही कडांना चुना टाकतात. पोलिओवाले येवोत, आमदार येवो, पांढरी रेघ हवीच. आत्या तर अशा बाबतीत पक्की. त्या पालघरच्या गृहस्थांच्या बुटावरून घरात इतकं बोलणं झालं होतं की यावेळी साहेबांचे पाय चिखलात जाऊ द्यायचे नाहीत, असं तिने ठरवूनच ठेवलं होतं. आदल्या दिवशी तिने चुन्याची पोती आणवली. पाड्यावरची माणसंही धावून आली, कारण काकीचे पाहुणे. त्यांनी वाट झाडली, कडेला चुना टाकला, आणि चुना उरला म्हणून ओहोळाकाठही साफ केला. मेलेले मासे गोळा करून पुरले. फेस काठीने बाजूला केला. दगडांवरचा तांबूस थर काथ्याने घासून काढला आणि त्या दगडांना चुन्याचा हात दिला. राहिलेली पोती झिऱ्याजवळ पाण्याच्या कडेलाच उपडी केली, म्हणजे पाय घसरू नये.

सकाळी मी समितीबरोबर खाली उतरलो आणि जागच्या जागी थिजलो. ओहोळ नव्या नवरीसारखा नटला होता.

मंडळाच्या माणसाने पाण्यात एक कागदाची पट्टी बुडवली, बघितली, दुसरी बुडवली. "आम्लता काहीच नाही," तो म्हणाला. "उलट किंचित क्षारीयच आहे." शेठचा वकील इतका खूश झाला की त्याने माझा हात हातात घेतला. शेठ म्हणाला, "हुं तो पेहलेथी कहुं छुं ने, मासी!"

समितीत एका संस्थेच्या शास्त्रज्ञ बाई होत्या. त्या दगडाला बोट लावून बघत होत्या. बोट पांढरं झालं. त्यांनी विचारलं, "हा चुना कोणी टाकला?"

मी आत्याकडे बघून जोरजोरात डोळे मिचकावले. माझ्या डोळ्यात काही गेलंय असं समजून लक्षी मला फुंकर मारायला पुढे आली.

"मी," आत्या म्हणाली. "काल संध्याकाळी. तुमचे पाय खराब होऊ नयेत म्हणून. का, चांगला नाही दिसत?"

"अर्जदाराने पाण्याच्या नमुन्यात स्वतः फेरफार केला, असं नोंदवून घ्या," शेठचा वकील म्हणाला.

वकीलबाई पांढरीफटक पडली. चुन्याने पाण्यातली आम्लता मारली होती, हे आत्याला हळूहळू उमगलं. आधी तिने चुन्याकडे बघितलं, मग पट्टीकडे, मग पाड्यावरच्या माणसांकडे. ती माणसं अजून कौतुकाच्या अपेक्षेने उभी होती. वाटलं, आता ती त्यांच्यावर तुटून पडणार. ती मटकन दगडावर बसली. साडीला मागून चुना लागला. "इतकी वर्षं," ती एवढंच म्हणाली.

शास्त्रज्ञ बाई मात्र हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. "नोंदवा," त्या वकिलाला म्हणाल्या. "चुना टाकला, हेही नोंदवा. या पाण्याचा काही उपयोग नाही. आणि वरचं घेऊनही नाही, आज तिकडे कारखाना बंद दिसतोय." मग त्या आत्याकडे वळल्या. "आजी, पावसाळ्यात पाणी कुठे तुंबतं?"

आत्याऐवजी लक्षीने बोट दाखवलं. खाली वळणावर, करंजाच्या झाडाखाली. तिथे त्यांनी पाण्यातला नाही, पाण्याखालचा गाळ काढायला लावला. खोलवरून. वर काळा, मग तांबडा, मग पुन्हा काळा. "चुना कालचा आहे," बाई बरणीला झाकण लावत म्हणाल्या. "गाळ काही कालचा नाही."

शेठ गुजरातीतून काही बोलला. त्यात मासी हा शब्द नव्हता.

अहवालात गाळातला रंग आणि कारखान्यातला रंग एकच निघाला. निकालाच्या दिवशी आम्ही पुण्यात आणि न्यायाधीश दिल्लीत, टीव्हीच्या पडद्यावर. आत्या पडद्याच्या इतकी जवळ जाऊन उभी राहिली की शिपायाने तिला दोनदा मागे घेतलं. सगळं काही मिनिटांत उरकलं. "काय म्हणाले?" तिने विचारलं. वकीलबाई म्हणाली, "ओहोळात सोडलेली नळी बंद करायची. शुद्धीकरण बसवून तपासणी होईपर्यंत कारखाना चालवायचा नाही. आणि ओहोळातला गाळ त्यांनी स्वखर्चाने काढायचा." आत्याने मान हलवली आणि मला म्हणाली, "ते गार-कोमटवाले साहेब असायला हवे होते रे आज."

मला वाटलं, सुटलो. पण महिन्याभरात तिचा फोन सुरू. नळी बंद झाली, पण गाळ अर्धाच काढला. वकीलबाईला सांग. गाडी आण. सगळ्यांना ती विचारायची, वास येतो का? सगळे म्हणायचे, नाही. "मला येतो," ती म्हणायची. आता तो वास ओहोळात होता की तिच्या नाकात, हे कोणी सांगावं! मी एकदा तसं बोलून दाखवलं, तर तिने चार दिवस फोन केला नाही. ते चार दिवस फार बरे गेले.

पावसाळा सरला, ओहोळ उतरला. त्याच साली डिसेंबरच्या आसपास मी तिला बँकेत न्यायला गेलो होतो. बँक बंद व्हायला फार वेळ नव्हता. पडवीत कोणी नाही. मी वाटेवरूनच हॉर्न दिला. उत्तर नाही. वैतागून खाली उतरलो, तर ओहोळाच्या वाळूत लक्षी आणि ती दोघी बसलेल्या. लक्षीने नवा झिरा खणला होता. खड्ड्यात पाणी भरत होतं, गढूळ, मातकट. लक्षी वाटीने उपसून टाकत होती, पुन्हा भरत होतं.

"आत्या, बँक!" मी ओरडलो.

तिने वळूनही पाहिलं नाही. लक्षी म्हणाली, "काकी, आता घेऊ का?"

"थांब. अजून बसलं नाही खाली."

"तू म्हातारी होशील थांबता थांबता."

"झालेच आहे. थांब म्हटलं ना."

दोघी त्या खड्ड्यात वाकून बघत राहिल्या. मग लक्षीने ओंजळ भरली, हुंगली, आणि तशीच आत्याच्या नाकापुढे धरली. आत्याने डोळे मिटले. बराच वेळ ती तशीच होती. लक्षीच्या बोटांतून पाणी गळून चाललं होतं.

"काय गं, येतो का वास?" न राहवून मी विचारलं.

आत्याने माझ्याकडे न बघताच एक हात वर केला, गप्प राहायला सांगत. दुसऱ्या हाताने लक्षीचं मनगट धरलं, खाली वाकली आणि उरलं होतं तेवढं पाणी प्यायली.

मी तिला शेवटचं पाहिलं ते तेव्हाच. पुढच्या महिन्यात ती झोपेतच गेली. झिऱ्यावरच्या त्या दिवशी ती बँकेत काही आली नाही. लक्षीने हंडा भरला, डोक्यावर घेतला आणि वाडीची चढण चढायला लागली. आत्या साडीची वाळू झटकत तिच्या मागून निघाली. अंगणापाशी पोचेपर्यंत दोघींचं भांडण लागलं होतं. कशावरून, ते मला गाडीच्या आवाजात ऐकू आलं नाही.